जुना एस्प्रेसो ग्राइंडर घेऊन दुरुस्त करायचा की सरळ नवा घ्यायचा: हिशेबापासून पहिल्या शॉटपर्यंतचा क्रम

जुना ग्राइंडर घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरते. यंत्र स्वस्त दिसलं म्हणून उचललं, घरी आणून आधी नव्या चकत्या मागवल्या, त्या बसवल्यावर बेअरिंग वाजतंय हे कळलं, म्हणून सगळं पुन्हा खोललं, आणि खोलताना वरची चकती धरणाऱ्या रिंगचे आटे मारले गेले. यातलं एकही काम अवघड नाही, फक्त क्रम उलटा आहे. म्हणून या लेखात ‘काय करायचं’ यापेक्षा ‘कशाच्या आधी काय करायचं’ यावर भर दिला आहे.

शब्दाचा एक खुलासा. दळणाऱ्या दातेरी भागांना सगळे ‘बर’ म्हणतात. लिहिताना ‘बर’ आणि ‘बरं’ यांची फार गल्लत होते, म्हणून मी चकत्या म्हणतो. सपाट असोत वा शंकूच्या आकाराच्या, दोन्ही चकत्याच.

## टप्पा १: यंत्र पाहायच्या आधी हिशेब

जाहिरातीतली किंमत ही जुन्या ग्राइंडरची किंमत नसते. मागच्या खर्चाची भर घालून जो आकडा येतो ती त्याची किंमत. त्याच दर्जाच्या नव्या यंत्राची किंमत १०० धरा आणि तिच्या प्रमाणात हे पाच आकडे लिहून काढा: यंत्र, नव्या चकत्यांचा जोड, बेअरिंग आणि कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग), वाहतूक, आणि तुमच्याकडे नसलेली हत्यारं. वाहतूक बहुतेक जण विसरतात. कॅफेतला ग्राइंडर पंधरा-वीस किलो सहज भरतो.

बेरीज ६० च्या आत आली तर जुना घ्यावा. ६० ते ७५ मध्ये आली आणि पाना-पकड हातात घ्यायला तुम्हाला आवडत असेल तरच घ्यावा. त्याच्या वर गेली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हा कुठला अधिकृत नियम नाही. काही यंत्रं उघडून, काही पस्तावून माझा मी ठरवलेला आहे.

यातली नेहमीची चूक तुलनेची आहे. ६४ मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांच्या जुन्या कॅफे-यंत्राची तुलना लोक तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या छोट्या घरगुती यंत्राशी करतात, आणि जुनं जिंकतं. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘तेवढ्याच पैशांत काय मिळेल?’ याचं उत्तर बहुधा जुन्याच्या बाजूने येतं. ‘मला सकाळी दोन कप हवेत, त्यासाठी काय लागेल?’ याचं उत्तर अनेकदा नव्या छोट्या यंत्राच्या बाजूने येतं. कॅफेच्या ग्राइंडरची उंची हॉपरसकट (वरच्या दाण्यांच्या भांड्यासकट) दोन फुटांच्या घरात जाते, तो, ओट्यावरच्या कपाटाखाली मावत नाही, आणि त्याच्या पोटात प्रत्येक वेळी काही ग्रॅम कालची पूड राहते. दिवसाला शंभर कप काढणाऱ्याला ते जाणवत नाही, दोन कप काढणाऱ्याला पहिल्याच घोटात जाणवतं.

चकत्यांचं आयुष्यही याच वेळी मोजून घ्या. ६४ मिमीच्या साध्या पोलादी सपाट चकत्या ढोबळमानाने ३०० ते ६०० किलो कॉफी दळतात. मधला ४०० चा आकडा घेऊ. घरी रोज १८ ग्रॅमचे दोन शॉट आणि थोडी वाया जाणारी पूड धरून ४० ग्रॅम होतात, म्हणजे वर्षाला साडेचौदा किलो. त्या हिशेबाने चकत्या सत्तावीस वर्षं पुरतील. रोज ५ किलो दळणाऱ्या कॅफेत त्याच चकत्या ८० दिवसांत संपतात. म्हणून घरगुती वापरातला दहा वर्षांचा ग्राइंडर चकत्यांच्या बाबतीत जवळजवळ नवा असू शकतो, आणि कॅफेतला एका वर्षाचा पार झिजलेला. विक्रेत्याला ‘किती वर्षं वापरला?’ विचारून काही कळत नाही. ‘रोज किती किलो, आणि चकत्या शेवटच्या कधी बदलल्या?’ असं विचारा.

थांबा: कॅफेतून आलेल्या यंत्राच्या हिशेबात नव्या चकत्या धरायच्याच, विक्रेता काहीही म्हणो. आता बदलल्यात म्हणाला तर डब्यातल्या जुन्या चकत्या दाखवायला सांगा. त्या बहुधा नसतात.

## टप्पा २: सुटे भाग आधी शोधा, यंत्र नंतर

जाहिरात आवडली की पहिला फोन विक्रेत्याला करू नका. आधी सुटे भाग मिळतात का ते पाहा. मॅझर सुपर जॉलीच्या ६४ मिमीच्या, मॅझर मेजरच्या ८३ मिमीच्या किंवा रँचिलिओ रॉकीच्या ५० मिमीच्या चकत्या ही ओळखीची मापं आहेत आणि त्यांना इतर उत्पादकांचेही पर्याय मिळतात. अनोळखी नावाच्या यंत्राचं तसं नसतं. चकत्या मिळत नसतील तर यंत्र फुकट मिळालं तरी महाग.

‘६४ मिमी’ एवढ्यावर चकत्या मागवणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. एकाच व्यासाच्या दोन चकत्या एकमेकींच्या जागी बसतीलच असं नाही. जुळवायच्या गोष्टी पाच:

१. बाहेरचा व्यास
२. मधल्या भोकाचा व्यास
३. जाडी
४. स्क्रूंच्या भोकांची संख्या आणि जागा
५. फिरण्याची दिशा

पाचवी गोष्ट कुणी पाहत नाही. दात एका बाजूला तिरके कापलेले असतात. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या मोटरवर उलट्या दिशेची चकती बसते, स्क्रूही नीट लागतात, आणि मग दाणे कापले न जाता नुसते चिरडत राहतात.

आता मोटरच्या पाटीचा फोटो मागवा. ती मागच्या बाजूला किंवा तळाला असते. तिच्यावर व्होल्टेज, हर्ट्झ, वॉट आणि फेज या चार गोष्टी वाचायच्या. फेजच्या जागी १ आणि लाटेसारखं चिन्ह असेल तर घरच्या प्लगवर चालेल. ३ आणि लाट असेल किंवा नुसतं ३८० वा ४०० व्होल्ट लिहिलं असेल तर ते तीन फेजचं यंत्र. ते बरेच स्वस्त मिळतं, आणि का ते आता कळलंच असेल. पाटीवर २२०/३८० अशी जोडी असेल तर डेल्टा जोडणी करून एक फेज घेणाऱ्या व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्हवर (एका फेजमधून तीन फेज करून देणाऱ्या उपकरणावर) ते घरी चालवता येतं, पण त्या ड्राइव्हची किंमत पहिल्या टप्प्यातल्या बेरजेत घाला.

परदेशी पाटीही नीट वाचावी. ११० ते १२० व्होल्टचं यंत्र २३० च्या प्लगला सरळ जोडलं तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ जुळत नाहीत. चार पोलची इंडक्शन मोटर ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० आणि ५० हर्ट्झवर १५०० फेऱ्यांच्या जरा खाली फिरते. शिवाय ६० हर्ट्झसाठी केलेली मोटर ५० वर जास्त तापते.

सौदा सोडून द्यावा अशी तीन लक्षणं: नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बंद पडलाय आणि तो सुटा मिळत नाही, मोटर आणि चकत्यांमध्ये प्लास्टिकचे गिअर आहेत आणि त्यांचे दात गेलेत, वरची चकती धरणारी रिंग अडकली आहे आणि विक्रेता सांगतो, ‘थोडं तेल टाकलं की निघेल.’ निघालं असतं तर त्यानेच काढलं नसतं का?

## टप्पा ३: प्रत्यक्ष पाहणी, याच क्रमाने

सोबत न्यायच्या वस्तू: टॉर्च, दोन-तीन मापांचे स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, ०.१ ग्रॅमचा वजनकाटा आणि घरची शंभर ग्रॅम कॉफी. यंत्र आधीच चालू करून ठेवू नका असं विक्रेत्याला फोनवर सांगून ठेवा. थंड मोटर कशी सुरू होते तेच तर पाहायचं असतं.

आधी नाक. हॉपर काढून तोंडाशी वास घ्या. खवट तेलाचा वास आला तर काळजी नाही, तो साफ होतो. जळक्या लाखेसारखा वास आला तर वाइंडिंग तापून गेलेलं आहे. मोटर आज फिरत असली तरी उद्याचा भरवसा नाही.

मग हात, प्लग काढलेला असताना. सेटिंग जाड करून, म्हणजे चकत्यांमधलं अंतर वाढवून, वरची रिंग शक्य असेल तर काढायला लावा. खालची चकती बोटाने फिरवा. ती न अडखळता फिरली पाहिजे. नंतर तिला दोन्ही बाजूंना हलवून पाहा. बोटाला जाणवेल इतकी ती डुगडुगली तरी खूप झालं. एस्प्रेसोचे बरेचसे कण मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात. तिथे शाफ्टचा (चकती फिरवणाऱ्या दांड्याचा) एक दशांश मिलिमीटरचा खेळ म्हणजे दळणाचं वाटोळं.

मग डोळे. दातांवर टॉर्च तिरका धरा. धारेची कड चमकत असेल तर ती गोल झाली आहे. धारदार कड प्रकाश परतवत नाही. खात्रीसाठी नखाची कड दातावरून हळूच ओढा. धार असेल तर नखाचा बारीक कीस निघतो, बोथट असेल तर नख नुसतं घसरतं. एखाद्या दाताचा टवका उडालेला असेल तर कधीतरी दाण्यांसोबत खडा गेलेला आहे. चकत्या बदलायच्याच असतील तर टवक्याचं वाईट वाटू देऊ नका, पण चकती बसते ती बैठक वाकलेली नाही ना, एवढं पाहा.

मग कान. रिकामं यंत्र चालू करा. एकसारखा घुमणारा आवाज हवा. खरखर आली तर बेअरिंग, लयीत येणारा किणकिण आवाज आला तर चकत्या एका बाजूला घासतायत. बंद केल्यावर मोटर थोडी फिरत राहून थांबली पाहिजे. बटण सोडताच थबकली तर काहीतरी अडतंय.

शेवटी कॉफी. १८ ग्रॅम मोजून टाका आणि एस्प्रेसोच्या सेटिंगला दळा. ६४ मिमीच्या यंत्राला २० सेकंदांहून जास्त लागले तर चकत्या संपल्या आहेत. बाहेर आलेली पूड मोजा. पहिल्या वेळी कमी भरणारच, कारण काही आत राहते. दुसऱ्या वेळी १८ च्या आसपास यायला हवी.

तपासा: ‘गुणगुणतो पण फिरत नाही’ हे लक्षण ऐकून लोक लगेच कपॅसिटर बदलतात. चकत्यांमध्ये एखादा दाणा अडकला तरी अगदी हाच आवाज येतो. प्लग काढा, सेटिंग जाड करा, हाताने फिरवून पाहा. मोकळं फिरत असेल आणि तरीही मोटर उचलत नसेल, तरच कपॅसिटरवर संशय घ्या. अशा यंत्रात कपॅसिटरच निघाला तर ती या धंद्यातली सगळ्यांत स्वस्त लॉटरी.

## टप्पा ४: घरी आणल्यावर पहिलं काम विजेचं

स्वच्छता करायचा मोह होईल. थांबा. आधी हे यंत्र हात लावण्याजोगं आहे का, ते ठरवा.

केबलला भेगा असतील तर ती बदला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगची अर्थिंगची पिन आणि यंत्राचा उघडा धातू यांच्यात मोजा. १ ओहमच्या आत आलं पाहिजे. रंगावर टोक टेकवलं तर काहीच दिसणार नाही, म्हणून एखादा स्क्रू धरा. नंतर मेगरने ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र धरून बॉडीशी इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर यंत्र प्लगला लावायचं नाही. मेगर घरात असण्याची अपेक्षा नाही. मोटर भरणाऱ्याकडे असतो, त्याला पाच मिनिटांचं काम आहे.

सावधान: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची पद्धत सर्रास दिसते. ती वापरू नका. २० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्याने दोन टोकांना काही सेकंद लावा, मग मल्टिमीटरने शून्य आलंय ना ते पाहा. विजेच्या कामाचा हात नसेल तर हा टप्पा जाणकाराकडूनच करून घ्या.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा हवा. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा त्याहून जास्त चालेल, कमी नाही.

## टप्पा ५: उघडणं आणि साफसफाई

प्रत्येक पायरीला फोटो काढा. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये काढण्याच्या क्रमाने ठेवा, म्हणजे बसवताना उलटं मोजत येता येतं.

वरची रिंग काढण्याआधी आट्यांमधली पूड ब्रशने आणि व्हॅक्यूमने जमेल तेवढी काढा. वर्षानुवर्षं तेल पिऊन त्या पुडीचा दगड झालेला असतो. रिंग जोर लावून फिरवली की तो दगड आट्यांत चेपला जातो आणि मऊ धातूचे आटे सोलून निघतात. अर्धा वळसा उघडा, साफ करा, पाव वळसा परत घ्या, पुन्हा अर्धा उघडा. या कामाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

चकत्यांचे स्क्रू सहज निघाले तर नशीब. खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या आणि मग फिरवा. सैल बसणारा स्क्रूड्रायव्हर म्हणजे डोकं घासलं गेलेला स्क्रू आणि वाया गेलेला रविवार. गंज सोडवणारं तेल वापरलं तर नंतर तो भाग पूर्ण धुऊन काढायचा. कॉफी त्यावरूनच जाणार आहे. खालची चकती धरणारा मधला नट काही यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. तो हलला नाही तर आणखी जोर लावण्याआधी माहितीपुस्तिका पाहा.

पोलादी चकत्या पाण्यात भिजत ठेवू नका, गंजतात. कडक ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. बॉडीच्या आत पाणी तर अजिबात नाही. हॉपर आणि प्लास्टिकचे भाग तेवढे साबणाने धुवा, पूर्ण वाळवा.

तांदूळ दळून चकत्या साफ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा पुष्कळ टणक असतो. छोट्या मोटरीचा त्याने जीव जातो, आणि मागे राहिलेली पिठाची भुकटी कोपऱ्यात बसते ती बसतेच.

## टप्पा ६: शाफ्ट आणि बेअरिंग

पाहणीत खरखर किंवा डुगडुग दिसली नसेल तर हा टप्पा गाळा. चालणारं बेअरिंग ‘उघडलंच आहे तर’ म्हणून बदलू नका.

दिसली असेल तर बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचा, उदाहरणार्थ ६२०२ किंवा ६२०३. नंबर सारखा असला की माप सारखं, मग यंत्राच्या कंपनीचंच बेअरिंग शोधायची गरज नाही. चकत्यांच्या बाजूचं बेअरिंग दोन्हीकडे रबरी सील असलेलं घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणातून कॉफीची धूळ आत शिरते.

बसवताना एकच नियम: ज्या रिंगला घट्ट बसायचं आहे, जोर तिच्यावरच द्यायचा. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर, बॉडीत बसवताना बाहेरच्या. उलट केलं तर जोर गोळ्यांमधून जातो, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. योग्य मापाचा सॉकेट ठेवून ठोका. पुलर किंवा प्रेस नसेल तर मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, त्याच्या हाताला सवय असते.

## टप्पा ७: चकत्या बसवणं आणि समांतर करणं

नव्या चकत्यांवर पैसे घालून जुन्याहून वाईट कॉफी पिणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं चुकलं ते इथे. जात्याच्या तळीखाली खडा राहिला की पीठ एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक पडतं. इथेही तसंच, फक्त खड्याच्या जागी डोळ्याला न दिसणारा कॉफीचा कण असतो.

७.१ बैठक. चकती जिथे टेकते तो धातू अल्कोहोलने पुसा, मग बोटाचं टोक फिरवा. कण लागला तर काढा. स्क्रूच्या भोकांभोवती धातू वर आलेला असेल तर बारीक कानस सपाट धरून तेवढाच उंचवटा उतरवा, बाकी पृष्ठभागाला कानस लागता कामा नये. चकतीची मागची बाजूही पुसा. नव्या चकत्यांना कारखान्यातलं तेल असतं.

७.२ स्क्रू. सगळे हाताने टेकेपर्यंत लावा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा, चाकाचे नट आवळतात तसे. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर चकती त्या बाजूला बसते.

७.३ रिंगचे आटे. वरची रिंग बसवताना आधी उलट्या दिशेने फिरवा. आट्यांची तोंडं जुळली की ‘टक्’ असा हलका आवाज येतो आणि रिंग किंचित खाली बसते. तिथून पुढे सुलट फिरवायची. ज्या यंत्रांत रिंगखाली स्प्रिंग असतात तिथे वरून सारखा दाब देत हे करावं लागतं. पहिले दोन वळसे फक्त बोटांनी. पाना लागतोय असं वाटलं तर आटे चढले आहेत, परत काढा. माझ्या पहिल्या यंत्राची रिंग मी याच जागी वाया घालवली, तीही सगळं संपत आलंय या आनंदात.

७.४ मार्करची चाचणी. प्लग काढलेला. दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या सपाट कडेवर पुसता येणाऱ्या मार्करने रंग द्या. रिंग घट्ट करत करत चकत्या एकमेकींना जेमतेम टेकतील तिथे आणा आणि खालची चकती हाताने काही वळसे फिरवा. वरून हात जात नसेल तर मधल्या नटला पाना लावून फिरवा. उघडून पाहा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला असेल तर काम झालं. एका बाजूला पुसला आणि समोरच्या बाजूला तसाच राहिला, तर जिथे राहिला तिथे चकती खोल आहे.

७.५ पत्री. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पत्री साधारण ०.०१ ते ०.०२ मिमी जाड असते. तिचा छोटा तुकडा खोल बाजूला चकतीखाली ठेवा, स्क्रू त्याच क्रमाने आवळा, पुन्हा रंग, पुन्हा चाचणी. आधी एक थर. तीन-चार थर लागायला लागले तर बैठकीवर घाण राहिली आहे किंवा शाफ्ट वाकला आहे. पत्री वाढवू नका, मागे जा.

कुठल्या चकतीखाली पत्री ठेवायची? वरची चकती स्थिर असते. फिरणाऱ्या खालच्या चकतीवर रंग सगळीकडे सारखा पुसला आणि वरच्या चकतीवर एकाच बाजूला, तर दोष वरच्या बाजूचा. याच्या उलट दिसलं तर खालच्या. दोन्हींवर अर्धाअर्धा दिसला तर आधी खालची सुधारा.

हे सगळं पहिल्या प्रयत्नात जमत नाही. चार-पाच वेळा उघड-बंद करावी लागेल. पूर्ण वर्तुळ पुसलं जाईपर्यंत अडून बसायचीही गरज नाही. दोन्ही चकत्यांवर परिघाचा बहुतेक भाग पुसला जाऊ लागला की थांबायला हरकत नाही.

तपासा: शेवटी रंग अल्कोहोलने पुसलात ना? रिंगच्या आट्यांना खाद्ययंत्रांसाठीचं ग्रीस अगदी पातळ लावलंत ना? जास्त लावलं तर पूड धरून ठेवतं.

## टप्पा ८: शून्य शोधणं आणि पहिले शॉट

यंत्र रिकामं, सेटिंग जाड. मोटर चालू करा आणि हळूहळू बारीककडे न्या. चकत्या टेकल्याचा हलका चिर्र आवाज आला की लगेच जरा मागे घ्या. हा तुमचा शून्य. रिंगवर पेन्सिलने खूण करा. एस्प्रेसोची सेटिंग इथून थोडी जाडकडे असते.

कायमची सवय: दाणे आत असताना सेटिंग बारीक करायची असेल तर मोटर चालू असतानाच करायची. बंद यंत्रात रिंग घट्ट केली तर मधल्या दाण्यांची पाचर बसते, आणि पुढच्या वेळी मोटर नुसती गुणगुणते.

सुरुवातीला २०० ते ३०० ग्रॅम जुनी, शिळी कॉफी दळून फेकून द्या. तेल, धातूची भुकटी, राहिलेला रंग त्यासोबत जातो. मग १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम शॉट २५ ते ३० सेकंदांत काढायचं लक्ष्य धरा. वेळ कमी आला तर बारीक, जास्त आला तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलानंतर काही ग्रॅम दळून टाकून द्या. नाहीतर आधीच्या सेटिंगची अडकलेली पूड कपात येते आणि तुम्ही उलट्या दिशेने फिरवत बसता. जुन्या डोझरवाल्या (पूड साठवून मापाने टाकणारा डबा असलेल्या) यंत्रांत हे हमखास होतं.

नव्या चकत्यांवर पहिले एक-दोन किलो दळून होईपर्यंत सेटिंग सरकत राहतं. कालची खूण आज चालत नाही म्हणून चकत्या परत उघडायला जाऊ नका.

## नवाच घ्यायचं ठरलं तर

काम थोडं आहे, पण तेही क्रमाने करा. सुटे भाग मिळतात का ते इथेही आधी पाहा, पाच वर्षांनी लागतीलच. खोकं आणि आतली वेष्टनं परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका. पहिल्याच आठवड्यात रिकाम्या यंत्राचा आवाज ऐका, शून्य शोधा आणि सलग पाच शॉट त्याच सेटिंगवर काढून वेळ लिहून ठेवा. ताजी कॉफी, तेवढंच वजन, पुडीवर तोच दाब असूनही वेळ पाच-सात सेकंदांनी इकडेतिकडे होत असेल तर चकत्या समांतर नसाव्यात. नव्या यंत्रातही हे घडतं. पण इथे मार्कर आणि पत्री हातात घेण्याआधी वॉरंटीचे नियम वाचा. चकत्या उघडल्या तर वॉरंटी जाते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. जात असेल तर स्वतः काही उघडू नका, पाचही शॉटच्या नोंदवलेल्या वेळा पाठवून यंत्र बदलून मागा.